हिजाबचा खटला : कोर्ट आधी काय विचारतं?

हिजाबवर कोर्टाने काय निकाल दिला, हे आपण लगेच विचारतो. कोर्टाने स्वतःला कोणता प्रश्न घातला होता, हे मात्र फारसं कुणी पाहत नाही. खरी मेख तिथेच असते.

कर्नाटक उच्च न्यायालयाने १५ मार्च २०२२ रोजी तपासलं, की हिजाब ही इस्लामची अत्यावश्यक प्रथा आहे का. उत्तर आलं, नाही. १९५४ च्या शिरूर मठ खटल्यापासून चालत आलेली ही कसोटी आम्हाला पटत नाही. दीनमध्ये काय जरुरी आहे, हे जजसाहेबांनी का ठरवावं?

दक्षिण आफ्रिकेत असाच पेच आला होता. एका तमिळ हिंदू मुलीच्या नाकातली चमकी शाळेच्या नियमात बसेना. चमकी घालणं तिच्यावर धर्माने बंधनकारक नव्हतंच. तरीही २००७ मध्ये तिथलं संविधान न्यायालय म्हणालं, की स्वखुशीने पाळलेल्या प्रथेलाही संरक्षण आहे, शाळेने सवलत द्यायला हवी होती.

जर्मनीत शिक्षिकांच्या स्कार्फचा प्रश्न होता. शाळेची शांतता खरोखर धोक्यात आहे का, असं २०१५ मध्ये घटना न्यायालयाने विचारलं. नुसत्या शक्यतेवर सरसकट बंदी चालणार नाही, असं ठरलं.

आपल्या सर्वोच्च न्यायालयात १३ ऑक्टोबर २०२२ रोजी दोन न्यायमूर्तींचं एकमत झालं नाही. न्या. हेमंत गुप्ता यांनी बंदी कायम ठेवली. न्या. सुधांशू धुलिया यांच्या मते अत्यावश्यक प्रथेचा प्रश्न काढण्याची गरजच नव्हती. मुद्दा मुलींच्या निवडीचा आणि शिक्षणाचा होता. मग मोठं खंडपीठ नेमण्यासाठी प्रकरण सरन्यायाधीशांपुढे ठेवण्यात आलं.