घर बघायला दहा जण येतात, पण घेत कोणीच नाही. असं का होतं?

चाळीसगाव : घरावर 'विकणे आहे' असं लिहून सहा महिने झालेले असतात. दर आठ-पंधरा दिवसांनी कोणीतरी येतं. कुलूप उघडायचं, खिडक्या उघडायच्या, शेजारून खुर्च्या आणायच्या, चहा करायचा. पाहुणा वरच्या खोलीत जाऊन येतो, भिंतीवर हात मारून बघतो, 'घर चांगलं आहे' म्हणतो, 'घरी विचारून कळवतो' म्हणतो आणि जातो. फोन काही येत नाही. आपल्याकडच्या जुन्या माणसांच्या भाषेत सांगायचं तर घर देखाले समदा येतस, लेवाले कोणी येत नही.

चाळीसगावात लोकांनी नुसतं बघायला यावं असं एक घर आहे, स्टेशनजवळचा केकी मूस यांचा बंगला. तिथे आता त्यांच्या कलेचं संग्रहालय आहे. तुमचं घर मात्र विकायचं आहे. मग अडतं कुठे?

आधी येणाऱ्यांचं बघू. बघायला येणारे सगळे घेणारे नसतात. काही जण भाव काढायला येतात, कारण त्यांचंही घर त्याच गल्लीत आहे. काहींना एजंट घेऊन येतो. त्याला दुसरं घर खपवायचं असतं, म्हणून आधी तुमचं महाग घर दाखवायचं, मग त्याचं स्वस्त वाटतं. आणि भिंतीला भिंत लागून असलेला शेजारी, जो खरं तर सगळ्यात पक्कं गिऱ्हाईक, तो कधी बघायला येतच नाही. त्याला घर पाठ आहे. तो भाव उतरायची वाट बघतोय.

यातून जे दोन-तीन खरे घेणारे उरतात, ते तुमच्या घरातून निघाल्यावर कुठे जातात? ते पानटपरीवर चौकशी करतात आणि तिथून ग्रामपंचायतीत किंवा ओळखीच्या वकिलाकडे जातात. घर तिथे नापास होतं.

उताऱ्यावर नाव कोणाचं?

गावठाणातल्या घराला सातबारा नसतो. बहुतेकांकडे असतो तो ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा. आपण त्यालाच मालकीचा कागद समजतो. पण ती घरपट्टी आकारणीची नोंद आहे. घरपट्टी कोणाकडून घ्यायची एवढंच ती सांगते. तुम्ही चाळीस वर्षं पट्टी भरली असेल, तरी तेवढ्यावरून मालकी सिद्ध होत नाही.

त्यातही उताऱ्यावर नाव असतं आजोबांचं. आजोबा जाऊन वीस वर्षं झाली, वडीलही गेले. घर रिकामं असतं, चावी मोठ्या भावाकडे असते आणि भाव तोच सांगतो. म्हणजे घेणाऱ्याच्या दृष्टीने गोष्ट अशी झाली की कागदावरचा मालक हयात नाही, आणि जो हयात आहे त्याचं कागदावर नाव नाही. असा माणूस इसार मागतो तेव्हा गिऱ्हाईक चहा संपवून उठतं.

गावठाणाची मोजणी झालेली असेल तर मिळकत पत्रिका, म्हणजे आपण ज्याला प्रॉपर्टी कार्ड म्हणतो ते निघतं. शहरात सिटी सर्व्हेचं कार्ड पूर्वीपासून आहे. गावांसाठी केंद्राची स्वामित्व योजना २४ एप्रिल २०२० ला सुरू झाली. त्याआधीच आपल्या राज्यात पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावात ड्रोनने गावठाण मोजायचा प्रयोग झाला होता. १८ जानेवारी २०२५ ला देशभरात एकाच दिवशी ६५ लाखांहून जास्त कार्डं वाटली गेली. तुमच्या गावाची मोजणी झाली असेल तर कार्ड काढून आधी त्यावरचं नाव आणि क्षेत्र वाचा. नमुना ८ वर एक माप, कार्डावर दुसरं आणि जागेवर तिसरं असं फार घरांचं असतं. मागचा बोळ आपला की सामाईक, न्हाणीचं पाणी कोणाच्या जागेतून जातं, हे प्रश्न तुम्हाला बारीक वाटतात. पण घेणाऱ्याला त्या गल्लीत नवखा म्हणून राहायचं आहे. पहिल्याच महिन्यात शेजाऱ्याशी भांडण त्याला नको असतं.

बहिणीची सही

आता मुख्य मुद्दा. आपल्या भागात घर अडतं त्याचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे, आणि घरात त्यावर कोणी बोलत नाही.

समजा वडिलांनी स्वतःच्या कमाईने घर बांधलं. मृत्युपत्र केलं नाही. मागे आई, दोन भाऊ आणि दोन बहिणी. हिंदू वारसा कायद्याप्रमाणे हे पाच जण, पाच सारखे वाटे. हे आजचं नाही, १९५६ पासून असंच आहे. घर वडिलोपार्जित असेल तर मुलींचा हक्क नंतर आला. महाराष्ट्राने २२ जून १९९४ ला कायदा बदलला, पण तेव्हा लग्न न झालेल्या मुलींपुरता. ९ सप्टेंबर २००५ पासून देशभर सगळ्याच मुलींना, लग्न झालेलं असो वा नसो, मुलाइतका हक्क मिळाला. 'वडील २००५ च्या आधीच वारले' ही पळवाटही सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात ११ ऑगस्ट २०२० ला बंद केली. २० डिसेंबर २००४ च्या आधी कायदेशीर वाटणी होऊन गेली असेल तर ती मोडत नाही, एवढाच अपवाद ध्यानात ठेवा. मुस्लिम कुटुंबात वाट्याचा हिशेब वेगळा, पण मुलीचा वाटा तिथेही आहेच.

घरात मात्र काय बोललं जातं? 'बहिणींचं काही म्हणणं नाही.' 'त्यांचं लग्न आम्हीच केलं.' 'त्या बोलल्या आहेत, आम्हाला काही नको.' हे खरंही असेल. पण घेणाऱ्याला बोलणं नको, सही हवी असते. त्याचा वकील पेपरात जाहीर नोटीस देतो की या मिळकतीवर कोणाचा हक्क असेल तर कळवा. त्या नोटिशीनंतर भाचे जागे होतात. आज बहीण गप्प आहे, उद्या तिचा मुलगा कोर्टात जाईल, ही भीती गिऱ्हाइकाला असते. ती भीती चुकीची नाही.

काही जण शंभराच्या स्टॅम्पवर बहिणीची सही घेऊन नोटरी करून ठेवतात आणि काम झालं समजतात. तसं ते होत नाही. घरातला हक्क सोडायचा तर हक्कसोडपत्र दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवावंच लागतं. खरेदीचंही तेच. नोटरी केलेल्या कागदावर घर घेतलं असेल तर तुम्ही राहायला गेलात एवढंच. मालकी तुमच्याकडे आलेली नाही, मग ती पुढच्याला कशी देणार?

आणखी एक गोष्ट स्पष्ट लिहितो, काहींना आवडणार नाही. घर विकायला बहिणीने हक्क सोडलाच पाहिजे असं काही नाही. ती खरेदीखतावर इतरांसारखीच विकणारी म्हणून सही करू शकते आणि आपल्या वाट्याचे पैसे आपल्या खात्यात घेऊ शकते. घेणाऱ्याला यात काहीच अडचण नसते, उलट तो निर्धास्त होतो. अडचण असते ती भावांच्या हिशेबात. पंधरा लाखांचं घर दोघांत साडेसात-साडेसात असं त्यांनी मनात धरलेलं असतं, आणि कायद्याने ते पाच जणांत तीन-तीन निघतं. मग सही मागायचीच नाही, विषय काढायचा नाही, आणि घर असंच ठेवायचं. दर पावसाळ्यात एक भिंत फुगते.

'माझ्या भागापुरतं घ्या'

सगळे एकत्र येत नाहीत म्हटल्यावर एखादा भाऊ स्वतःचा हिस्सा विकायला काढतो. कायद्याने तो विकू शकतो. पण राहत्या घराचा न वाटलेला हिस्सा बाहेरच्याने घेतला, तर मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ४४ त्याला घरच्यांबरोबर एकत्र ताबा मिळू देत नाही. त्याने वाटणीचा दावा लावला, तर १८९३ च्या वाटणी कायद्याचं कलम ४ घरच्यांना त्याचा हिस्सा विकत घेण्याची मुभा देतं. म्हणजे पैसे देऊन पदरात पडते ती कोर्टाची तारीख. शहाणा माणूस असा हिस्सा घेत नाही, आणि जो घेतो तो पडेल भावात मागतो.

वारसांमध्ये एखादं अज्ञान मूल असेल, म्हणजे भाऊ वारला आणि त्याचा मुलगा बारा वर्षांचा असेल, तर त्याच्या वाट्यासाठी साधारणपणे जिल्हा न्यायालयाची परवानगी लागते. ती घेतलेली नसेल तर गिऱ्हाईक नाव ऐकूनच मागे फिरतं.

भाव कोण ठरवतं?

गिऱ्हाईक काय देऊ शकतं यावर भाव ठरायला हवा. आपल्याकडे तो वारसांच्या गरजेवर ठरतो. एकाला नाशिकला फ्लॅटचे हप्ते आहेत, एकाला मुलीचं लग्न काढायचं आहे, सुरतवाल्याला धंद्यात टाकायचे आहेत. या सगळ्यांची बेरीज म्हणजे घराचा भाव. तेवढे पैसे घेऊन येणारा माणूस शहरात प्लॉट बघतो, गावठाणात येत नाही.

शिवाय जुन्या घराला बँक सहसा कर्ज देत नाही. तिला मालकीचे कागद, मंजूर नकाशा आणि बांधकामाचं शिल्लक आयुष्य लागतं. धाब्याचं घर, मातीची भिंत, नकाशा नाही, तर फाइल तिथेच थांबते. मग उरतो तो हातात रक्कम असलेला माणूस. असे गावात मोजके, आणि त्यांच्याकडेही पैसा असतो तो कापूस विकून झाल्यावर. श्रावणात घर दाखवून दिवाळीपर्यंत 'कोणी घेत नाही' म्हणून रडण्यात अर्थ नाही.

'अर्धे रोखीत द्या' हा हट्टही गिऱ्हाईक घालवतो. घराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घेता येत नाही. घेतली तर तेवढाच दंड घेणाऱ्यावर, म्हणजे तुमच्यावर बसू शकतो. शिक्षक, एसटीतला माणूस, पगारदार, यांचे पैसे बँकेतच असतात, ते रोख कुठून आणतील? उलट खरेदी फक्त महिलेच्या नावावर केली तर १ एप्रिल २०२१ पासून मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. ही गोष्ट घेणाऱ्याला तुम्हीच सांगा. पाच हजार कमी करण्यापेक्षा तिचा उपयोग जास्त होतो.

पाण्याची खूण

घराच्या अवस्थेबद्दल फार लिहीत नाही, ती सगळ्यांना दिसते. एक मात्र सांगायला हवं. ३१ ऑगस्ट २०२१ ला तितूर आणि डोंगरीला पूर आला, चाळीसगावात आणि आजूबाजूच्या गावांत पाणी घरात शिरलं, त्यानंतर नदीकाठचं घर बघणारा माणूस आधी भिंतीचा खालचा भाग बघतो. नवा रंग फक्त कमरेपर्यंत दिसला तर त्याला समजतं. पाणी कुठपर्यंत आलं होतं हे विचारण्याआधी सांगून टाका. लपवलं तर ते त्याला टपरीवर कळणारच आहे, आणि मग तुमच्या बाकीच्या बोलण्यावरही त्याचा विश्वास राहत नाही.

मग सुरुवात कुठून करायची?

दाखवणं थोडे दिवस बंद ठेवा. सहा महिने पडून राहिलेल्या घराला 'त्यात काहीतरी लफडं आहे' असं नाव पडतं, ते वाढवू नका. मृत्यूचे दाखले काढून ग्रामपंचायतीत वारस नोंदीचा अर्ज द्या. प्रॉपर्टी कार्ड असेल तर भूमी अभिलेख कार्यालयातही द्या. आई, भाऊ, बहिणी, वारलेल्या भावाची बायको आणि मुलं, सगळी नावं येऊ द्या. एखादं नाव गाळून नोंद लवकर होईल असा सल्ला कोणी देत असेल तर तो ऐकू नका, खरेदीच्या वेळी तेच नाव आडवं येतं. वारसांवरूनच वाद असेल तर दिवाणी न्यायालयातून वारस प्रमाणपत्र घ्यावं लागेल, त्याला वेळ लागतो. घरपट्टी आणि लाइटबिलाची थकबाकी भरून पावत्या एका पिशवीत ठेवा. सुरत-पुण्यात असलेल्या भावाला खरेदीच्या दिवशी येणं जमणार नसेल तर त्याच्याकडून नोंदणी केलेलं कुलमुखत्यारपत्र आधीच मागवा.

आणि बहिणींशी बोला. आखाजीला त्या माहेरी येतात, सगळे एकत्र असतात, त्यामुळे अनेक घरांत सहीचा विषय तेव्हाच निघतो. पण साडी-चोळी पुढे ठेवून, गाडी निघायच्या वेळी कागद काढू नका. पहिल्याच दिवशी घराचा भाव किती येतो, वाटे किती पडतात आणि तिच्या वाट्याला किती येतात हे आकडा सांगून बोला. ती घेते म्हणाली तर घेऊ द्या, सोडते म्हणाली तर हक्कसोडपत्र नोंदवून घ्या. दोन्हीपैकी काहीही झालं तरी पुढच्या वेळी जो माणूस घर बघायला येईल, त्याला चहाबरोबर कागदांची पिशवी दाखवता येईल.