नागपूर, अमरावती की यवतमाळ? निवडीचे गणित

बारावीचा निकाल लागला की यवतमाळ जिल्ह्यातल्या पुष्कळ घरांत एकच विषय सुरू होतो. पुढे कुठे जायचे? शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी हा प्रश्न फारसा कुणाला पडत नसे, कारण निवड करायला काही नव्हतेच. वणीला १८८० साली जन्मलेले लोकनायक बापूजी अणे नागपूरच्या मॉरिस कॉलेजात शिकले. पण त्या काळी नागपुरात विद्यापीठच नव्हते, आणि मॉरिस कॉलेज जोडलेले होते थेट कलकत्ता विद्यापीठाला! नागपूर विद्यापीठ १९२३ साली निघाले. १९८३ मध्ये अमरावती विद्यापीठ स्थापन झाले आणि यवतमाळ जिल्हा त्याच्याकडे गेला.

आज चित्र अगदी उलट आहे. जिल्ह्याचा नकाशा समोर ठेवून पाहा. यवतमाळहून अमरावती सुमारे नव्वद किलोमीटर, तर नागपूर सुमारे दीडशे. वणीच्या मुलाला चंद्रपूर जवळ पडते, आणि तिथली महाविद्यालये २०११ पासून गोंडवाना विद्यापीठात आहेत. उमरखेडच्या मुलीला अमरावतीपेक्षा नांदेड कितीतरी जवळ, आणि तिथेही १९९४ पासून स्वतंत्र विद्यापीठ आहे. शिवाय यवतमाळात आणि पुसदला अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. पर्याय वाढले ही चांगलीच गोष्ट. पण त्यांच्याबरोबर मनाची ओढाताणही वाढली. या ओढाताणीवर गणितज्ञांनी बराच विचार केलेला आहे, हे मात्र थोड्यांना ठाऊक असते.

समजा, घाटंजीच्या एका घरात तिघेजण मिळून ठरवीत आहेत. मुलीला आधी नागपूर हवे, मग अमरावती, शेवटी यवतमाळ. वडिलांचा क्रम अमरावती, यवतमाळ, नागपूर. मामांचा क्रम यवतमाळ, नागपूर, अमरावती. बहुमताने ठरवू म्हटले, तर नागपूर विरुद्ध अमरावती या सामन्यात मुलगी आणि मामा नागपूरच्या बाजूने. अमरावती विरुद्ध यवतमाळ यात मुलगी आणि वडील अमरावतीच्या बाजूने. म्हणजे नागपूर सर्वांत वर, असे आपण म्हणणार. पण यवतमाळ विरुद्ध नागपूर विचारून पाहा. वडील आणि मामा यवतमाळच्या बाजूने! प्रत्येकाचे मत सरळ, पण घराचे मत मात्र गोल फिरते. हा चमत्कार फ्रेंच गणितज्ञ काँदोर्से याने १७८५ साली दाखवून दिला. तेव्हा रात्री बारापर्यंत चर्चा करूनही निर्णय होत नसेल, तर त्यात कुणाचा हट्टच असेल असे नाही.

मग करावे काय? एक जुना उपाय आहे. १७७२ मध्ये इंग्लंडमधील लीड्स येथे राहणारा जोसेफ प्रीस्टली अशाच पेचात सापडला होता. लॉर्ड शेल्बर्न याने त्याला आपल्याकडे येऊन राहण्याचे आमंत्रण दिले होते. जावे की आहे तिथेच राहावे? त्याने बेंजामिन फ्रँकलिनला पत्र लिहून सल्ला विचारला. विजेवर प्रयोग करणारा हाच तो फ्रँकलिन. त्याने काय करावे हे सांगितले नाही, कसे ठरवावे ते सांगितले. कागदाच्या मध्यभागी रेघ ओढावी. एका बाजूला अनुकूल कारणे लिहावीत, दुसऱ्या बाजूला प्रतिकूल. तीनचार दिवस जसे सुचेल तसे लिहीत जावे. नंतर दोन्ही बाजूंची सारख्या वजनाची कारणे शोधून ती खोडावीत. कधी एका कारणासमोर दोन, कधी दोनांसमोर तीन. उरेल तिकडे पारडे झुकले. प्रीस्टली शेवटी गेला. १७७४ च्या ऑगस्टमध्ये शेल्बर्नच्याच वाड्यात भिंगाने ऊन एकवटून पाऱ्याचे लाल भस्म तापवताना त्याला तो वायू मिळाला, ज्याला आपण आज ऑक्सिजन म्हणतो.

या पद्धतीतला महत्त्वाचा भाग रेघ ओढणे हा नसून ते तीनचार दिवस हा आहे. घाईत लिहिलेल्या कागदावर आवडते कॉलेज नेहमी जिंकते, कारण त्याच्या बाजूची कारणे आपण आधी लिहितो आणि त्यांना वजनही जास्त देतो. म्हणून वजने आधी ठरवावीत, कॉलेजांची नावे नंतर घ्यावीत. आपल्या जिल्ह्यात एक कारण तर विसरून चालणारच नाही. प्रवेशाचे पैसे भरायचे पावसाळ्यात, जेव्हा घरातली रोकड पेरणीत गेलेली असते. आणि कापूस घरी येतो तो दसरा-दिवाळीच्या सुमारास. वसतिगृहाचा आणि खाणावळीचा खर्च त्या कागदावर खऱ्या आकड्यांनी लिहिला पाहिजे. तो लाजेने गाळला, तर सगळा हिशेबच खोटा ठरतो.

इतके झाल्यावर पसंतीक्रमाचा अर्ज समोर येतो, आणि खरी चूक बहुधा इथेच होते. पुष्कळ मुले भीतीपोटी मनातले कॉलेज पहिल्या क्रमांकावर लिहीतच नाहीत. “ते मिळाले नाही तर दुसरेही हातचे जाईल,” असे कुणीतरी सांगितलेले असते. हे खरे आहे का ते पाहू. तीन महाविद्यालयांत एकेकच जागा उरली आहे असे माना: नागपूर, अमरावती, यवतमाळ. गुणवत्ता यादीत दारव्ह्याचा मुलगा पहिला, आपली घाटंजीची मुलगी दुसरी, वणीचा मुलगा तिसरा. घरच्यांशी बोलून मुलीचे नागपूर पक्के झाले आहे, त्याखालोखाल यवतमाळ. तरी घाबरून ती यवतमाळ आधी लिहिते. संगणक यादी वरून खाली पाहत जातो. दारव्ह्याच्या मुलाला त्याच्या पसंतीचे अमरावती मिळते. मुलीची पाळी येते तेव्हा नागपूरची जागा रिकामीच असते. पण संगणक तिने लिहिलेले पहिले नाव पाहतो आणि तिला यवतमाळ देतो. नागपूर जाते वणीच्या मुलाकडे, ज्याचे गुण तिच्यापेक्षा कमी आहेत!

आता तिने खरा क्रम लिहिला असता आणि दारव्ह्याच्या मुलाने नागपूर घेतले असते, तर? तरीही तिचे काही बिघडले नसते. वणीच्या मुलाकडे वळण्याआधी संगणकाने तिचीच दुसरी पसंती पाहिली असती, आणि यवतमाळ तिचेच होते.

प्रत्येक महाविद्यालयाची गुणवत्ता यादी वेगळी असली, तर कोडे अवघड होते. ते डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली या अमेरिकन गणितज्ञांनी १९६२ मध्ये सोडवले. प्रत्येक विद्यार्थी पहिल्या पसंतीकडे अर्ज करतो. महाविद्यालय आपल्या यादीनुसार वरचे अर्ज तात्पुरते राखून ठेवते, बाकीचे परत पाठवते. परत आलेले विद्यार्थी पुढच्या पसंतीकडे जातात. त्यांच्यातला कुणी वरचढ असला, तर राखून ठेवलेल्यालाही बाहेर पडावे लागते. कुणीच परत येईनासे झाले की वाटप कायम. या रीतीत खरा क्रम लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला तो बदलून कधीच फायदा होत नाही, हे ड्युबिन्स आणि फ्रीडमन यांनी १९८१ मध्ये सिद्ध केले. शॅप्ली यांना २०१२ मध्ये ॲल्व्हिन रॉथ यांच्यासह अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. गेल २००८ मध्येच वारले होते. आपल्याकडे २०१५ पासून आयआयटी आणि एनआयटी यांचे जे एकत्रित जागावाटप होते, त्याच्या मुळाशीही हीच कल्पना आहे.

प्रत्यक्षात आरक्षित जागा असतात, फेऱ्या असतात, मिळालेली जागा कधी पक्की करायची याचे नियम असतात, आणि ते वर्षागणिक बदलतात. त्यासाठी त्या वर्षीची माहितीपुस्तिकाच वाचावी. मागच्या वर्षी पास झालेल्या दादाचे सांगणे पुरेसे नाही.

शिक्षकांना हा प्रयोग वर्गात सहज करता येईल. सहा विद्यार्थी घ्या, तीन महाविद्यालयांच्या दोन-दोन जागा फळ्यावर लिहा, आणि प्रत्येक महाविद्यालयाची गुणवत्ता यादी चिठ्ठ्या काढून ठरवा. सर्वांनी खरा पसंतीक्रम कागदावर लिहून गेल-शॅप्लीच्या रीतीने वाटप करावे. मग एकेका विद्यार्थ्याने पाळीपाळीने आपला क्रम मुद्दाम खोटा लिहावा, बाकीच्यांनी तोच ठेवावा, आणि वाटप पुन्हा करावे. खोटे लिहून कुणाला आधीपेक्षा आवडीची जागा मिळाली का, ते दर वेळी फळ्यावर नोंदवत जावे.