धुक्याचे पाणी

जून संपत आला म्हणजे आपल्या गावी पागळ्या गळत असतात, ओढे दुथडी भरून वाहतात आणि घराबाहेर पडावयाचे तर छत्री शोधावी लागते. त्याच दिवसांत आम्ही तिघे मित्र पाठीवर पिशव्या टाकून दक्षिण अमेरिकेतील पेरू देशाच्या राजधानीत, लिमा शहरी उतरलो. समोर अथांग पॅसिफिक महासागर आणि माथ्यावर राखाडी आभाळ! आता सर कोसळणार म्हणून आम्ही आडोसा पाहू लागलो. परंतु सर काही आली नाही. पुढील आठ दिवसांतही आली नाही.

वाचकहो, लिमा हे वाळवंटातील शहर आहे. सुमारे एक कोटी लोकवस्तीच्या या नगरीत वर्षभराचा पाऊस दोन सेंटिमीटरही भरत नाही. दक्षिणेकडून किनाऱ्यालगत एक थंड सागरी प्रवाह वाहतो. १८०२ साली लिमास येऊन गेलेल्या हंबोल्ट या शास्त्रज्ञाचे नाव त्याला मिळाले आहे. या थंड पाण्यामुळे हवा गारठते, धुके दाटते. पण ते उंच चढून मेघ होऊन बरसत नाही. त्याच प्रवाहामुळे मासळी मात्र विपुल मिळते. समुद्र एका हाताने मासळी देतो आणि दुसऱ्या हाताने पाऊस अडवून धरतो, असेच म्हणावे लागेल.

फ्रान्सिस्को पिझारो याने १८ जानेवारी १५३५ रोजी हे शहर वसविले, ते रिमाक नदीच्या काठी. आंदीज पर्वतातून उतरणारी ही नदी आजही शहराची मुख्य जीवनदात्री आहे. जुन्या भागातील संत डॉमिनिकच्या मठात आम्ही संत रोझा आणि संत मार्टिन द पोरेस यांच्या अवशेषांचे दर्शन घेतले. मार्टिन हे एका कृष्णवर्णीय मातेचे पुत्र. मठात झाडलोट व रुग्णसेवा करीत त्यांनी आयुष्य वेचले. १९६२ साली त्यांना संतपद देण्यात आले. जवळच संत रोझाचे स्थान आहे. तेथील विहिरीत लोक आपल्या विनंतीच्या चिठ्ठ्या सोडतात. तहानलेल्या शहराने आपली गाऱ्हाणी विहिरीलाच सांगावीत, हे आम्हांस मोठे अर्थपूर्ण वाटले.

मिराफ्लोरेस या श्रीमंत भागात मातीच्या विटांचा एक प्रचंड चौथरा आहे. त्याचे नाव वाका पुक्ल्याना. कपाटात पुस्तके लावावीत तशा उभ्या रचलेल्या या कच्च्या विटा हजार वर्षांहून अधिक काळ टिकून आहेत. आपल्या कोकणपट्टीत मातीच्या भिंतीला पावसापूर्वी झावळ्यांचे झाप बांधले नाहीत तर एका पावसाळ्यात तिचा चिखल होतो. तेथे पाऊस नाही म्हणून माती टिकली. आणि पाऊस नाही म्हणूनच माणसाचे हाल होतात, हे दुसऱ्या दिवशी कळले.

त्या दिवशी बसने आम्ही शहराच्या दक्षिणेस विया मारिया देल त्रिउन्फो या वस्तीत गेलो. पोटापाण्यासाठी डोंगराळ मुलखातून आलेल्या गरिबांनी येथे उघड्या टेकड्यांवर घरे बांधली आहेत. वरच्या घरांना नळ नाहीत. टँकर येतो आणि दारातील निळ्या पिंपात पाणी ओतून जातो. नळाच्या पाण्यापेक्षा हे पाणी कितीतरी पटींनी महाग पडते. ज्याच्यापाशी सर्वांत कमी, त्यालाच सर्वांत जास्त मोजावे लागते.

चढ चढून आमच्या बाटल्या रिकाम्या झाल्या होत्या. एका दारात एक आजीबाई बसल्या होत्या. आमच्यातील एकजण गोव्याचा. त्याने आपल्या आजीकडून शिकलेला पोर्तुगीज शब्द उच्चारला, ‘आग्वा’. स्पॅनिशमध्येही पाण्यास तेच म्हणतात. आजीबाईंनी हसून पिंपावरचे झाकण काढले, उकळून गार केलेल्या भांड्याकडे बोट दाखविले आणि त्यातूनच आमच्या तिन्ही बाटल्या काठोकाठ भरल्या. पिंप तळाशी गेले आहे, हे आम्ही पाहिले ते नंतर. पैसे देऊ केले, ते त्यांनी घेतले नाहीत. त्या बाटल्यांचे ओझे आमच्या सर्व सामानापेक्षा जड वाटले.

घरांच्या वर, टेकडीच्या माथ्यावर, खांबांना ताणून बांधलेली मोठमोठी जाळी दिसली. समुद्राकडून आलेले धुके त्यांतून जाताना दवाचे थेंब जाळ्यास अडकतात, खालच्या पन्हळीत ठिबकतात आणि टाकीत साठतात. दाट धुक्याच्या दिवशी एकेका जाळ्यातून शे-दोनशे लिटर पाणी मिळते. ते बहुधा परसबागेसाठी व धुण्यासाठी वापरतात. ज्या धुक्याने पाऊस दिला नाही, त्याच्याकडून थेंब थेंब वसूल करणारे ते हात पाहून आमची मान आदराने लवली.

तेथून आम्ही पुकुसाना या मच्छीमार गावी गेलो. हे गाव लिमापासून सुमारे ६० किलोमीटर दूर आहे. रंगीत होड्या, धक्क्यावर टपून बसलेले पाणकोळी आणि लिंबाच्या रसात मुरविलेली, कांदा-मिरची घातलेली ताजी मासळी! या पदार्थास ‘सेविचे’ म्हणतात. बंदरावरच्या खानावळीत जेवणाआधी मालकिणीने पाण्याचा पेला पुढे ठेवला. तो आम्ही अर्धवट सोडला नाही.

२९ जून हा संत पेत्राचा सण. त्या दिवशी आम्ही लिमाच्या चोरियोस या किनारी होतो. कोळी बांधव संताची मूर्ती खांद्यावरून धक्क्यावर आणतात आणि होडीत बसवून समुद्रात फिरवितात. आमच्या गोवेकर मित्राचे डोळे पाणावले. त्याच दिवशी त्याच्या गावी, भर पावसात, होड्या एकमेकींस बांधून सांगोड निघतो. एकच संत, एकच दिवस. एके ठिकाणी आकाश फाटलेले, दुसरीकडे थेंबही नाही!

आता आम्ही घरी परतलो आहो. पागळीखाली घागर भरून वाहू लागली की घरातील कोणीतरी उठून दुसरी घागर लावते. पूर्वी ते काम आम्ही मुलांना सांगत असू. आता आम्ही स्वतःच उठतो.