रविवारची सायकल : मागे राहील त्याच्यासाठी थांबणारी सहल

वारणानगर-कोडोली परिसरातील कष्टकऱ्याच्या घरात सायकल ही हौसेची वस्तू कधीच नव्हती. दुधाचे कॅन, वैरणीचा भारा, दळणाचा डबा आणि शाळेला निघालेले पोर, सगळे तिनेच वाहिले. तात्यासाहेब कोरे यांच्या पुढाकाराने १९५० च्या दशकात येथे सहकारी साखर कारखाना उभा राहिला. अशा कारखान्याच्या गावात पाळीला जाणाऱ्या कामगाराचे खरे वाहन सायकलच असे.

पुढे मोटारसायकल आली आणि बिचारी सायकल भिंतीला टेकून गंजू लागली. आता शहरातले लोक रविवारी गटागटाने सायकलवर सहलीला निघतात. त्यांच्या महागड्या गिअरच्या सायकली पाहून आपल्या माणसाला वाटते, हे काही आपले काम नव्हे. वाचकहो, हा समज खोटा आहे. रविवारची सामूहिक सायकल सहल ही मुळात कामगारांचीच आहे.

रविवार कुणी मिळवून दिला?

मुंबईच्या गिरणी कामगाराला पूर्वी हक्काची साप्ताहिक सुट्टी नव्हती. जोतीराव फुले यांचे सहकारी आणि ‘दीनबंधू’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून ती मागणी लावून धरली. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. हा दिवस कुणी दानात दिलेला नाही.

त्यानंतर चारच वर्षांनी, १८९४ साली, इंग्लंडमधील बर्मिंगहॅम शहरात ‘क्लॅरियन’ या समाजवादी साप्ताहिकाच्या काही वाचकांनी सायकल मंडळ काढले. सुट्टीच्या दिवशी मिळून सायकलवर बाहेर पडायचे आणि गावोगावी आपले विचार पोहोचवायचे, असा त्यांचा परिपाठ होता. जर्मनीत १८९६ साली कामगारांची ‘सॉलिडारिटेट’ ही सायकल संघटना निघाली. तिचे सभासद लाखांवर गेले. १९३३ साली हिटलरच्या राजवटीने तिच्यावर बंदी घातली. कामगार एकत्र येऊन साधी सायकल चालवतात, याचीसुद्धा हुकूमशहाला भीती वाटली!

शर्यत वेगळी, सोबत वेगळी

नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली अमेरिका ओलांडणारी सुमारे ४८०० किलोमीटरची शर्यत पूर्ण केली. ‘ब्रेव्हे’ नावाच्या दूरपल्ल्याच्या उपक्रमात २०० किलोमीटर साडेतेरा तासांत कापावे लागतात. हे पराक्रम कौतुकास्पदच आहेत. पण सहलीचा नियम याच्या उलट आहे. येथे सर्वांत हळू चालवणाऱ्याचा वेग तोच गटाचा वेग. रस्ता माहीत असलेला एक जण पुढे आणि पंक्चर काढता येणारा अनुभवी गडी सर्वांच्या मागे असावा. चढाला कुणी उतरून सायकल ढकलू लागला तर हसू नये, माथ्यावर त्याची वाट पाहावी. आपल्या मुलांना एकीचा याहून सोपा धडा कुठे मिळणार?

रस्ता कोणता धरावा?

पहिल्या रविवारी जाऊन-येऊन दहा-बारा किलोमीटर पुरेत. वारणा नदी ही कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांची सीमा आहे. पूल ओलांडला की पोरे दुसऱ्या जिल्ह्यात! सवय झाल्यावर महामार्गावरील वाठारच्या दिशेने जावे, मात्र महामार्गावर चढू नये. दोन-तीन महिन्यांनी दम वाढला की जोतिबा डोंगराजवळच्या पोहाळे येथे जावे. तेथे कातळात कोरलेली प्राचीन बौद्ध लेणी आहेत. भिक्खूंच्या निवासाच्या खोल्या मुलांना दाखवाव्यात. वाटेत चढ आहे, तेव्हा घाई करू नये.

गळीत हंगामात विशेष सावध राहावे. दोन ट्रॉल्या जोडलेला उसाचा ट्रॅक्टर वळताना मागची ट्रॉली आतल्या बाजूला ओढली जाते. त्याच्या बाजूने घुसू नये, ट्रॉलीला धरून तर कधीच जाऊ नये. उजाडल्यावर निघावे आणि ऊन चढण्याआधी घरी यावे. रस्त्यावर एकामागे एक चालावे.

लेकीबाळींना घरी ठेवू नका

तामिळनाडूतील पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९१ साली साक्षरता मोहिमेबरोबर स्त्रियांना सायकल शिकवण्यात आली. जिल्हाधिकारी शीलाराणी चुंकत यांनी त्याला बळ दिले. शेतमजूर आणि खाणीत राबणाऱ्या स्त्रिया सायकलवर बसल्या. लेडीज सायकली मिळेनात, तेव्हा त्यांनी पुरुषी सायकली घेतल्या. पुढच्या दांडीवर मूल बसवता येते म्हणून कित्येकींना तीच बरी वाटली. पाणी आणणे, बाजार करणे, कामावर जाणे यासाठी कुणाची वाट पाहणे संपले.

बिहारमध्ये २००६ पासून नववीच्या मुलींना सायकलीसाठी पैसे देण्यात येऊ लागले. पुढे अभ्यासकांनी तपासले तेव्हा माध्यमिक शाळेतील मुलींची नोंदणी सुमारे ३२ टक्क्यांनी वाढल्याचे दिसले. दूरच्या शाळेचे अंतर सायकलने तोडले. म्हणून आई, बहीण, सून यांनाही सहलीत घ्यावे. पदर आणि ओढणी नीट खोचावी, चाकात अडकू देऊ नये. रविवारी चारचौघांत भीती मोडली की सोमवारी मुलगी एकटी शाळेला जाईल.

निघण्यापूर्वी

नवी सायकल विकत घेऊ नका. जुनीच बाहेर काढा. दोन्ही ब्रेक लागतात का, टायरमध्ये हवा आहे का, घंटी वाजते का ते पाहा. चेनला तेलाचे चार थेंब द्या. गटात मिळून एक पंप, ठिगळे, सोल्यूशन आणि पाना घ्या. पाणी भरपूर असू द्या. न्याहारीला भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि गुळाचा खडा असला म्हणजे हॉटेलचा खर्च नाही.

ज्यांच्याकडे सायकल नाही त्यांना आळीपाळीने आपली द्या. गल्लीतील चार घरांनी ठरवले तरी सहल होते. लोखंड्यांनी मिळवलेला हा दिवस झोपेत किंवा पत्त्यांच्या डावात घालवू नका. येत्या रविवारी सकाळी चाकात हवा भरा आणि शेजाऱ्यालाही हाक मारा!