दुभंगलेली टाळू आणि बाळाची भूक

मराठीत ‘टाळू’ या एकाच शब्दाने दोन अवयवांचा निर्देश होतो. आजी तेलाने बाळाची टाळू भरते, ती डोक्यावरची. आपणांस येथे विचार करावयाचा आहे तो मुखाच्या छताचा. गर्भावस्थेच्या आरंभी हे छत एकसंध नसते. दोन्ही बाजूंनी वाढत आलेले पडदे सुमारे 12 व्या आठवड्यापर्यंत मध्यभागी सांधले जातात. हा सांधा अपुरा राहिला म्हणजे बालक दुभंगलेल्या टाळूसह जन्मास येते. ओठ व टाळू यांचे दुभंग एकत्र मोजले, तर जगात सुमारे 700 जन्मांमागे एक असे त्यांचे प्रमाण मानले जाते.

अशा बालकाला भूक लागते, त्याचे तोंडही हालते. परंतु पोटात दूध पुरेसे जात नाही. निरोगी बालक अंगावर पिताना ओठ मिटते, मृदू टाळू वर उचलून नाकाकडची वाट बंद करते आणि जीभ खाली ओढते. त्यामुळे मुखातील दाब उतरतो व दूध ओढले जाते. टाळूला भेग असली की नाकावाटे हवा आत शिरते. भोक पडलेल्या नळीने पाणी ओढू पाहावे, तशी त्या जिवाची अवस्था होते. काही दूध नाकातून बाहेर येते, बरीच हवा पोटात जाते आणि बालक थकून झोपी जाते. घरच्यांना वाटते, पोट भरले!

वास्तविक यावरील उपाय महाग नाही. आईचे दूध पिळून स्वच्छ वाटीत घ्यावे, बाळाला उभट धरावे आणि चमच्याने वा आपल्याकडील जुन्या बोंडल्याने थोडे थोडे पाजावे. मधूनमधून ढेकर काढावी. मग ही मुले खंगतात का? कारण या उपायाला वेळ लागतो. एका खेपेस पाऊण तास आणि दिवसातून आठ खेपा धरल्या, तर सहा तास होतात. रोजंदारीवर जाणाऱ्या स्त्रीने हे सहा तास कोठून आणावेत? ती कामावर गेली की बाळ थोरल्या बहिणीच्या हाती येते, बाटली येते, आणि पुरवून वापरण्यासाठी त्या बाटलीतील दुधात पाणी येते.

त्यात ग्रहणाची समजूत आहे. गर्भवतीने ग्रहणात काही चिरले म्हणून बाळाचा ओठ वा टाळू चिरली, असे देशाच्या अनेक भागांत सांगितले जाते. पृथ्वीवर दरवर्षी निदान दोन सूर्यग्रहणे होतात. तेव्हा दोष द्यावयास एखादे ग्रहण सापडतेच. सातव्या महिन्यातील ग्रहण तिसऱ्या महिन्यात सांधली गेलेली टाळू कशी फाडील, हे मात्र कोणी विचारीत नाही. दोष आईच्या माथी बसतो, बाळ चारचौघांपासून लपविले जाते, आणि ज्या दिवसांत पाजण्याची रीत शिकावयाची तेच दिवस निघून जातात.

ओठाची शस्त्रक्रिया बहुधा तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात, तर टाळूची सुमारे 9 ते 18 महिन्यांच्या दरम्यान करतात. ओठाच्या शस्त्रक्रियेसाठी शल्यविशारदांचा एक जुना ठोकताळा आहे: वय 10 आठवडे, वजन 10 पौंड (सुमारे साडेचार किलो) आणि रक्तातील हिमोग्लोबिन 10 ग्रॅम. वजन कमी भरले की तारीख पुढे ढकलावी लागते. तारीख पुढे गेली की मजुरी बुडवून, प्रवासखर्च करून पुन्हा यावयाचे. ज्यांना ते जमत नाही त्यांचे मूल तसेच राहते. 2013 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात या व्यंगाची तपासणी व मोफत उपचार यांचा समावेश आहे. पण बुडालेली मजुरी कोणी भरून देत नाही, आणि घरी राहिलेल्या इतर मुलांना कोण जेवू घालणार, हा प्रश्नही उरतोच.

ओठ अखंड असून केवळ टाळू दुभंगलेली असते, तेव्हा ती सहजी ध्यानातही येत नाही. म्हणून प्रत्येक नवजात बालकाचे मुख उघडून, उजेडात, पडजिभेपर्यंत पाहिले पाहिजे. दूध नाकातून येत असेल किंवा दोन आठवड्यांनंतरही बाळाचे वजन जन्मवेळेइतके झाले नसेल, तर ही तपासणी त्याच दिवशी करावी.