मागील चाकांचे ब्रेक : ड्रम की डिस्क?

आमच्या विद्यालयाच्या माजी विद्यार्थ्यांपैकी काहीजण आज गॅरेज चालवितात, काहीजण चालक म्हणून कुटुंबाचा भार वाहतात. आणि पालकांपैकी अनेकांच्या दारी आता चारचाकी उभी असते. 'मागचे ड्रम काढून डिस्क बसवून द्या,' ही मागणी गॅरेजमध्ये नवी नाही. ती कितपत योग्य, आणि पुरी करावयाची झाल्यास काय काय सांभाळावे लागते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात आम्ही करीत आहोत.

ड्रम ब्रेकला आजचे रूप देण्याचे श्रेय सामान्यतः फ्रान्सच्या लुई रेनो यांना दिले जाते. ते साल १९०२. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टर यांनी डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले. परंतु डिस्कचे सामर्थ्य जगाच्या नजरेत भरले ते १९५३ मध्ये, जेव्हा जॅग्वारच्या डिस्क ब्रेक लावलेल्या गाडीने ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकली. आपल्याकडे मात्र ॲम्बॅसेडर आणि प्रीमियर पद्मिनी यांच्या पिढीने चारही चाकांच्या ड्रमवरच वर्षानुवर्षे घाट उतरले. आजच्या बहुसंख्य छोट्या गाड्यांत पुढे डिस्क आणि मागे ड्रम अशी रचना आढळते.

दोहोंतील भेद असा. ड्रममध्ये चाकाबरोबर फिरणाऱ्या पोकळ भांड्याला दोन शू आतून घासतात. त्यांपैकी एक शू ड्रमच्या फिरण्यामुळे आपोआप अधिक घट्ट रुतत जातो; म्हणून पायाचा जोर कमी लागतो. परंतु उष्णता आत कोंडते, तापलेला ड्रम फुगून शूपासून दूर सरकतो आणि पेडल खोल जाऊ लागते. डिस्कमध्ये उघडी चकती फिरते व कॅलिपरमधील दोन पॅड तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतात. ती वाऱ्याने लवकर थंड होते, पावसाचे पाणी झटकून टाकते आणि पॅडची झीज सहज पाहता येते. मात्र येथे आपोआप रुतण्याचा लाभ नाही. दाब अधिक द्यावा लागतो.

डिस्क इतकी गुणी असता कारखाने मागे ड्रम का ठेवतात? केवळ काटकसर हे त्याचे उत्तर नव्हे. ब्रेक दाबताच गाडीचा भार पुढे झुकतो. समजा, गाडीचे वजन १००० किलो आहे. उभी असता त्यातील ६०० किलो पुढच्या आणि ४०० किलो मागच्या चाकांवर आहे. दोन्ही आसांतील अंतर २.४ मीटर व गुरुत्वमध्याची उंची अर्धा मीटर धरली, तर जोरदार ब्रेक लावताना सुमारे १६७ किलो भार मागून पुढे जातो. मागच्या चाकांवर उरतात जेमतेम २३३ किलो. इतक्या हलक्या झालेल्या चाकांना थांबविण्यास ड्रम पुरेसा ठरतो. शिवाय हँडब्रेकची जोडणीही त्यात सोपी असते.

खरा धोका येथेच आहे. मागे अधिक ताकदीचा ब्रेक बसविला आणि दाबाचे गणित बदलले नाही, तर मागची चाके पुढच्यांच्या आधी जाम होऊ शकतात. जाम होऊन घसरणाऱ्या चाकाची आडवी पकड नाहीशी होते. गाडीचा मागचा भाग बाजूला निघतो आणि ओल्या रस्त्यावर क्षणार्धात गाडी गरकन फिरते. पुढची चाके आधी जाम झाली तर स्टिअरिंग निकामी होते खरे, पण गाडी निदान सरळ रेषेत राहते. म्हणून पुढची चाके आधी जाम व्हावीत, अशीच रचना अभियंते करतात.

तेव्हा हा बदल म्हणजे एक सुटा भाग काढून दुसरा लावणे नव्हे. कॅलिपर धरणारा ब्रॅकेट एक्सलवर पक्का बसला पाहिजे आणि रिममध्ये डिस्कला जागा हवी. नव्या कॅलिपरला लागणारे ब्रेक ऑइल पुरविण्याइतका मास्टर सिलिंडर मोठा असावा. काही जुन्या गाड्यांत ड्रमच्या लाइनमध्ये थोडा दाब टिकवून धरणारा व्हॉल्व्ह असतो. तो तसाच राहिला तर पॅड डिस्कला चिकटून तापतात. मागील दाब मर्यादित ठेवणारा व्हॉल्व्ह नव्याने जुळवावा लागतो. हँडब्रेकची स्वतंत्र सोय करावी लागते. एबीएस असलेल्या गाडीत तर कारखान्याने बांधलेली सारी आकडेमोडच विस्कटण्याचा संभव असतो. त्याच मॉडेलच्या वरच्या आवृत्तीत कारखान्यानेच मागे डिस्क दिली असेल, तर तिचे सर्व भाग एकत्र घेणे हाच त्यातल्या त्यात सुरक्षित मार्ग होय. काम झाल्यावर लाइनमधील हवा पूर्ण काढून, मोकळ्या मैदानात प्रथम कमी वेगाने चाचणी घ्यावी. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ ने गाडीतील फेरफारांवर मर्यादा घातल्या आहेत. म्हणून परिवहन कार्यालय व विमा कंपनी यांच्याकडे आधीच विचारणा करावी.

नित्याच्या वापरातील गाडीसाठी आमचे मत स्पष्ट आहे : आहे तो ड्रम नीट राखावा. लायनरची जाडी तपासावी, व्हील सिलिंडर गळत नाही ना हे पाहावे, आतील धूळ हवेच्या झोताने उडवू नये, कारण ती छातीत जाते. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते. डॉट ३ प्रतीच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असतो, ओलावा मुरल्यावर तो १४० पर्यंत उतरू शकतो. म्हणून साधारण दोन वर्षांनी ते बदलावे. घाट उतरताना खालचा गिअर ठेवावा. निम्मा भार इंजिनच पेलते.

गॅरेज चालविणाऱ्या आमच्या माजी विद्यार्थ्यांना इतकेच सांगणे आहे : ग्राहकाने मागितले ते बसवून देण्याआधी त्याला हे सारे समजावून सांगावे, आणि गणित जुळत नसेल तेथे काम नाकारावे. त्या गाडीत मागच्या आसनावर कोणाची तरी मुले बसणार असतात.