पाणी पडते, पाणी गोठते

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर सेंट्रल ओटागो हा कोरडा, डोंगराळ मुलूख आहे. कॅरव्हॅन घेऊन क्रॉमवेल सोडले की रस्ता लेक डन्स्टनच्या काठाकाठाने क्लाइडच्या धरणाकडे उतरतो. पुढे अलेक्झांड्रा, मग रॉक्सबर्ग. एका दिवसात क्लुथा नदीवरची दोन जलविद्युत केंद्रे आणि चेरी, जर्दाळू, पीचच्या बागा निवांत पाहून होतात.

रॉक्सबर्गचे केंद्र १९५६ मधले, ३२० मेगावॅटचे. क्लाइड १९९२ मध्ये सुरू झाले; क्षमता ४३२ मेगावॅट. धरणाखालून भ्रंशरेषा जाते, म्हणून भिंतीतच एक सरकता सांधा ठेवला आहे. खालची जमीन हलली तर भिंतीचे दोन भाग आडवे दोन मीटर आणि उभे एक मीटरपर्यंत सरकू शकतील. १९६७ चा कोयनेचा भूकंप सोसलेल्या महाराष्ट्राला या सांध्याचे मोल वेगळे सांगायला नको. मात्र धरणामागच्या लेक डन्स्टनखाली जुन्या क्रॉमवेलचा काही भाग गेला आणि नदीच्या घळीतल्या फळबागाही गेल्या. विजेची किंमत बागांनीही मोजली आहे.

उरलेल्या बागा टिकल्या त्या इथल्या हवेमुळे. जर्दाळू-चेरीच्या कळ्यांना हिवाळ्यात शेकडो तासांची थंडी लागते, त्याशिवाय त्या नीट उमलत नाहीत. उन्हाळा कोरडा हवा, कारण पिकत्या चेरीवर पाऊस पडला तर साल तडकते. सेंट्रल ओटागोत दोन्ही मिळते. संकट येते ते वसंतात, म्हणजे तिकडच्या सप्टेंबर-ऑक्टोबरात. निरभ्र, निवांत रात्री जमीन झपाट्याने निवते, जड गार हवा दरीत साचते आणि ऐन फुलोऱ्यात पारा शून्याखाली जातो. उणे दोन-तीन अंशांतच फुलातला कोवळा बीजकोश काळा पडू लागतो.

अशा रात्री बागायतदार झाडांवर चक्क पाणी फवारतात. पहाटे प्रत्येक फुलाभोवती काचेसारखे बर्फाचे कवच असते आणि आतले फूल जिवंत असते. पाणी गोठताना आपली सुप्त उष्णता बाहेर टाकते, म्हणून ओले कवच शून्य अंशाच्या आसपासच राहते. पण बर्फ वितळू लागेपर्यंत फवारा थांबता कामा नये. तो मध्येच थांबला आणि वारा सुटला, तर बाष्पीभवन सुरू होते. गोठताना मिळते त्याच्या सातपट उष्णता ते तेवढ्याच पाण्यामागे ओढून घेते आणि फूल कोरड्या थंडीपेक्षाही लवकर मरते.

आता हिशेब करून पाहू. क्लाइडला पाणी सुमारे ६० मीटर खाली येते. त्यातल्या एका लिटरमध्ये ऊर्जा असते जेमतेम ५९० ज्यूल. तेच एक लिटर पाणी फांदीवर गोठले तर ३ लाख ३४ हजार ज्यूल देते, म्हणजे साडेपाचशे पटींहून जास्त! मग टर्बाइन कशाला, असे वाटेल. पण शून्य अंशाच्या उष्णतेवर व्यवहारात यंत्र चालत नाही. तिने फार तर त्याहून थंड वस्तूला ऊब मिळते. पडत्या पाण्याची ऊर्जा थोडी, पण जवळजवळ सगळीच्या सगळी कामाला लावता येते. चांगले जलटर्बाइन तिचा नव्वद टक्क्यांच्या आसपास भाग वापरते.

डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा घसरला की आपले द्राक्ष बागायतदार पहाटे शेकोट्या पेटवतात, विहिरीचे कोमट पाणी बागेत सोडतात. तिथे पाणी गोठत नाही. २० अंशांवरून ५ अंशांपर्यंत निवतानाच ते लिटरमागे ६३ हजार ज्यूल देऊन जाते. क्लाइडच्या उडीपेक्षा हे शंभरपट अधिक आहे. म्हणून पाणी विजेला द्यायचे की शेतीला, हा वाद घालताना नुसते घनमीटर मोजून भागणार नाही. ते पाणी कोणत्या वेळी, कोणत्या रूपात, कुणाच्या उपयोगी पडते, हेही त्या हिशेबात यायला हवे.